इंजिनिअरिंगची चार वर्षं नागपुरात: कॅपच्या फॉर्मपासून पहिल्या नोकरीपर्यंत

इंजिनिअरिंगच्या आठ सेमिस्टरमध्ये सगळ्यात मोलाचं सेमिस्टर तिसरं, आणि बहुतेक मुलं नेमकं तेच हातचं घालवतात. पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखं असतं. शाखेचे मूळ विषय सुरू होतात ते दुसऱ्या वर्षी: सिव्हिलला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रिकलला नेटवर्क, कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर. पुढे गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला हेच विषय येतात, कॅम्पसच्या टेक्निकल इंटरव्ह्यूत हेच विचारतात, महानिर्मिती-महावितरणच्या भरतीत आणि कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेतही हेच. नोकरी, एम.टेक., सरकारी सेवा या वाटा लांबून वेगळ्या दिसतात, पण तिन्हींची शिदोरी एकच आहे आणि ती तिसऱ्या-चौथ्या सेमला बांधायची असते. पुढची प्रत्येक पायरी त्याच हिशेबाने सांगितली आहे.

आधी कागद, मग गुण

राखीव प्रवर्गातल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, गुणांमुळे होत नाही, जात वैधता प्रमाणपत्रामुळे होतं. हे प्रमाणपत्र मिळायला महिने लागतात. वडिलांकडचे जुने पुरावे शोधावे लागतात: शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद. म्हणून अर्ज अकरावीतच, फार तर बारावीच्या सुरुवातीला, ज्युनिअर कॉलेजमार्फत करा. प्रवेशाच्या वेळी अर्जाची पावती दाखवून तात्पुरतं काम भागतं. पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही, तर तुमचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो आणि हातातली जागा जाऊ शकते.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रावर तारीख बघा. प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत ते वैध हवं. घरात पडलेलं जुनं प्रमाणपत्र चालेल या भरवशावर मुलं राहतात आणि ऐन जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) असेल तर ते, हे सगळं निकालाच्या आधी फाइलमध्ये असावं.

व्हीएनआयटी किंवा बुटीबोरीजवळच्या ट्रिपल आयटीसाठी जेईई मेनवरून जोसा, म्हणजे केंद्राच्या संस्थांच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेत उतरणार असाल, तर ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढावं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं तिथे चालत नाही. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असंही नाही, म्हणून आधी ती यादी तपासा. व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. 1960 साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था आपल्या गावात आहे. त्यामुळे सीईटीसोबत जेईई मेन एकदा तरी द्यावी.

सीईटी आणि कॅप

एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट 200 गुणांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी 50 प्रश्न एका गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न दोन गुणांचे. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून 90 मिनिटं आणि गणिताला वेगळी 90 मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात. निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत, तरी पुष्कळ मुलं केमिस्ट्रीच्या पाठांतरात जास्त तास घालतात. तासांची वाटणी गुणांच्या वाटणीप्रमाणे करा.

निकालात मिळतो तो पर्सेंटाइल, टक्के नाहीत. 90 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातली सुमारे नव्वद मुलं तुमच्याबरोबर किंवा तुमच्या मागे आहेत. गेल्या वर्षाच्या कटऑफची यादी उघडली की विचित्र कोड दिसतात. सुरुवातीचा 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, 'एल' म्हणजे मुलींसाठीची. मध्ये प्रवर्ग. शेवटचा 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले विद्यार्थी, 'एस' म्हणजे राज्यस्तर. मोठा आकडा हा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. नागपूरच्या मुलाने नागपूरच्या कॉलेजचा 'ओ' कोड पाहिला, तर अंदाज पूर्ण फसतो. शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहून पहिल्या फेरीची आशा धरली तरी तेच होतं.

कॅप म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. तिथे पसंतीक्रम भरताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि गुणवत्तेत बसणारी पहिली जागा देतो. वर मोठं कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम मनापासूनच्या आवडीचा लावा, "आपल्याला मिळेल का" या भीतीचा नको. फक्त एक सावधगिरी हवी. 2025-26 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला मिळाला, तर ती जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. त्यामुळे वरच्या सहा ओळींत असं एकही नाव नको, जे मिळाल्यावर घरात रडारड होईल. हे नियम बदलत राहतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, आईवडिलांनाही वाचू द्या.

कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर टीएफडब्ल्यूएसच्या जागा जरूर भरा. त्यांचा कोड 'टी'ने संपतो आणि तो पर्याय फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो. नुसतं पात्र असून चालत नाही. यात शिकवणी शुल्क माफ होतं, बाकीचं भरावं लागतं, आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. मुलींसाठी 2024-25 पासून राज्याने मोठी सवलत दिली आहे: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एवढीच, की प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत लागत नाही, आणि हे अनेक पालकांना पैसे भरून झाल्यावर कळतं. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल, तर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

शाखा कशी ठरवायची

त्या शाखेचा तिसऱ्या आणि चौथ्या सेमचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. विषयांची नावं वाचा, प्रत्येक विषयाचं एखादं व्याख्यान ऐका. दोन आठवड्यांत मुलाला स्वतःलाच कळतं. शाखेच्या पगाराच्या चर्चा यापेक्षा कमी कामाच्या.

कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स अशी नावं पाहून गोंधळ होतो. यांची पहिली दोन वर्षं बरीचशी सारखीच असतात. नव्या नावापेक्षा त्या विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आणि विभागाला एनबीए मानांकन आहे का, हे पाहा. नॅकचं मानांकन संपूर्ण संस्थेचं असतं, एनबीएचं एकेका शाखेचं. त्यामुळे कॉलेजला नॅक चांगलं म्हणून प्रत्येक विभाग चांगला असं समजू नका. बी.ई. आणि बी.टेक.मध्ये नोकरीच्या किंवा पुढच्या शिक्षणाच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

सरकारी नोकरी डोळ्यांपुढे असेल, तर सिव्हिलला सर्वांत जास्त पदं निघतात: सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, महापालिका. इलेक्ट्रिकलला वीज कंपन्या. मायनिंगचं शिक्षण फार थोड्या ठिकाणी मिळतं आणि वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या तिघांचीही मुख्यालयं नागपुरातच आहेत. भूगर्भात आणि खुल्या खाणीत काम करायची तयारी असलेल्या मुलाने या शाखेकडे दुर्लक्ष करू नये. केमिकलसाठी 1942 साली सुरू झालेली एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे, आता तिचं विद्यापीठ झालं आहे.

कॉलेज निवडताना प्रवासाचा वेळ मोजा. कामठी रोडवरून हिंगणा रोडच्या कॉलेजला रोज येणं-जाणं म्हणजे दोन तास सहज जातात. मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत असल्याने त्या बाजूची सोय झाली आहे, पण स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचं अंतर वेगळं. प्रवेशाआधी एकदा सकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊन बघा.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षाचं लक्ष्य साधं ठेवा: एकही बॅक, म्हणजे नापास राहिलेला विषय, नको. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसू देत नाहीत. राहिलेलं एम-वन (पहिल्या सेमचं गणित) दुसऱ्या वर्षाच्या मानगुटीवर बसतं, आणि ज्या तिसऱ्या सेमला मूळ विषय पक्के करायचे, तेव्हा मुलगा जुनं इंटिग्रेशन करत बसतो. इयर डाउनची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची, सुरुवात पुष्कळदा इथून होते.

गणितात नापास होणाऱ्या मुलांना गणित येत नाही असं नसतं. ती सोडवलेलं उदाहरण वाचतात, स्वतः सोडवत नाहीत. वाचताना सगळं समजतं आणि पेपरात तिसऱ्या पायरीला हात थांबतो. दर युनिटची किमान 15 उदाहरणं उत्तर झाकून सोडवा. पेपरात पायऱ्या गाळू नका. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात.

ड्रॉइंगमध्ये भारतात फर्स्ट अँगल पद्धत वापरतात: समोरून दिसणारं चित्र वर, वरून दिसणारं खाली. मुलं हेच उलटं काढतात आणि पूर्ण शीट वाया जाते. आखणीला 2एच, वस्तूच्या ठळक रेषांना एच किंवा एचबी, आणि पेन्सिलचं टोक दर दहा मिनिटांनी घासून घ्या. वर्कशॉपमध्ये कानस फक्त पुढे ढकलताना धातू कापते. मागे ओढतानाही दाब दिला की दाते बोथट होतात आणि जॉब काटकोनात येत नाही. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. जर्नलवर सही राहिली तर सबमिशनच्या आठवड्यात अभ्यास बाजूला पडतो.

तिसरं सेम, आणि एक बीम

तिसऱ्या सेमला आपल्या शाखेचे तीन पायाभूत विषय निवडा. प्रत्येकाची आठवड्याला सहा उदाहरणं. सेमिस्टरचे 14 आठवडे धरले तर अडीचशे उदाहरणं होतात. दोन जाड रजिस्टर घ्या, एका पानावर एकच उदाहरण: वर दिलेली माहिती एककांसकट, मग आकृती, मग सूत्र आणि ते सूत्र कोणत्या गृहीतकावर उभं आहे ते, मग उत्तर. चूक झाली तर खोडू नका, लाल पेनाने शेजारी कारण लिहा. ही दोन रजिस्टर तुमच्यासोबत चार-पाच वर्षं राहणार आहेत.

एक पान कसं दिसावं ते पाहू. सहा मीटरचा बीम, दोन्ही टोकांना साधा टेकवलेला, स्वतःच्या वजनासकट त्यावर सलग भार 10 किलोन्यूटन प्रति मीटर. बीमची रुंदी 230 मिमी, उंची 450 मिमी. एकूण भार 60, म्हणून दोन्ही टेकूंवर 30-30 किलोन्यूटन. मध्यावर सर्वाधिक बेंडिंग मोमेंट: भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले 8, म्हणजे 10 × 36 ÷ 8 = 45 किलोन्यूटन-मीटर. सेक्शन मॉड्युलस: रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले 6, म्हणजे 77,62,500 घन मिमी. आता 45 किलोन्यूटन-मीटर म्हणजे 4,50,00,000 न्यूटन-मिमी. भागाकार केला की ताण आला सुमारे 5.8 न्यूटन प्रति चौरस मिमी.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, मध्यावरच्या एका भाराचं सूत्र, म्हणजे भार गुणिले लांबी भागिले 4, सलग भाराला लावणं. दुसरी, किलोन्यूटन-मीटरचे न्यूटन-मिमी करताना दहाच्या सहाव्या घाताऐवजी तिसरा घात घेणं. मग ताण 0.0058 येतो आणि मुलगा तसाच पुढे जातो. उत्तर आल्यावर ते शक्य आहे का, हे विचारायची सवय इथेच लागते.

पण पान इथे संपवू नका. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार एम-20 काँक्रीटची वाकताना ताण सोसण्याची क्षमता 0.7 गुणिले 20 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 3.1. आपल्या बीममध्ये तर 5.8 आहे. म्हणजे नुसत्या काँक्रीटचा हा बीम खालच्या बाजूने तडकणार. म्हणून सळई खाली टाकतात. धंतोलीच्या एखाद्या साइटवर स्लॅबखालचा बीम बांधताना जाड सळया खालीच का असतात, याचं उत्तर तुमच्या वहीच्या एका पानात आहे. इंटरव्ह्यू घेणारा नेमकं हेच विचारतो: "सळई खाली का?" ज्याने फक्त 45 वर थांबून उत्तराला चौकट केली, त्याला हे सांगता येत नाही.

कॉम्प्युटरच्या मुलांनी हीच रीत डेटा स्ट्रक्चरला लावावी. कोड लिहिण्याआधी कागदावर ड्राय रन करा, प्रत्येक फेरीत व्हेरिएबलची किंमत तक्त्यात लिहा. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत एक नोंद शोधायला एकेक पाहत गेलं तर दहा लाख तुलना लागू शकतात. बायनरी सर्चने फार तर 20. हा 20 कुठून आला हे फळ्यावर मांडता आलं पाहिजे. तयार उत्तर चिकटवून कोड चालतो, पण फळ्यापुढे उभं राहिल्यावर ते उत्तर सोबत नसतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी इथेच एक सांगणं आहे. इंग्रजीची भीती वेगळा क्लास लावून जाईलच असं नाही. रोज रजिस्टरमधलं एक पान उघडून पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत समजावून सांगा. सुरुवातीला तीनच वाक्यं जमतील. सहाव्या सेमपर्यंत हे चालू ठेवलं, तर टेक्निकल इंटरव्ह्यूत लागणारी जवळपास सगळी वाक्यं तोंडात बसलेली असतात. विषय समजलेला असेल, तर मोडक्या इंग्रजीला इंटरव्ह्यू घेणारे सांभाळून घेतात.

सीजीपीएकडेही लक्ष ठेवा. क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. चार क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वाढली तर जो फायदा, तोच एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये चार ग्रेड वाढल्यावर. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्रीत 60 टक्के आणि चालू बॅक नाही, अशी चाळणी लावतात. सुटलेला जुना बॅक पुष्कळ ठिकाणी चालतो, राहिलेला नाही.

कारखान्यात पाऊल

चौथ्या किंवा सहाव्या सेमनंतरची सुट्टी इंटर्नशिपची. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी, मिहान, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं, मौद्याचं एनटीपीसी हे सगळं आपल्या जिल्ह्यात आहे. पत्र मार्चमध्येच पाठवा. कॉलेजच्या टीपीओचं (प्लेसमेंट अधिकाऱ्याचं) शिफारसपत्र, एका पानाचा बायोडेटा, आणि "मला देखभाल विभागात पंपांवर काम पाहायचं आहे" अशी नेमकी विनंती. "कोणतंही काम चालेल" असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. सरकारी केंद्रांत परवानगीला वेळ लागतो, तिथे आणखी आधी अर्ज करा. पैसे घेऊन नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी एखाद्या मोटरची नेमप्लेट वहीत उतरवून घ्या. समजा लिहिलं आहे: 5.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 1440 आरपीएम. 50 हर्ट्झवर चार पोलचं फिरतं क्षेत्र 1500 ने फिरतं. मोटर 60 ने मागे, म्हणजे स्लिप 4 टक्के. पूर्ण भाराला करंट साधारण 10 ते 11 अँपिअर असायला हवा. क्लँप मीटर तिन्ही फेजवर 14 दाखवत असेल, तर मोटरवर भार जास्त आहे: पंप जाम असेल, अलाइनमेंट बिघडली असेल किंवा बेअरिंग गेलं असेल. एका फेजवर शून्य आणि बाकी दोन्हींवर जास्त असेल, तर फेज गेला आहे आणि मोटर जळायच्या वाटेवर आहे. तिथल्या फोरमनला हे कसं ओळखता ते विचारा. ही माणसं मनापासून शिकवतात. वही घेऊन शेजारी उभं राहणारा मुलगा त्यांना आवडतो. पाळी संपल्यावर रोज अर्धा तास डायरी लिहा: कोणतं यंत्र बंद पडलं, किती वेळ, कारण काय निघालं, काय बदललं.

प्रोजेक्ट

बाजारातून तयार आणलेला प्रोजेक्ट व्हायवात पाच मिनिटं टिकतो. विषय जवळचा घ्या. कोराडीची राख, खाणीतून निघणारी माती, उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर जाणाऱ्या पाऱ्यात छत थंड ठेवणं, संत्र्यांची आकारानुसार निवड: मोजता येईल असा कोणताही प्रश्न चालतो. मोजमाप हाच प्रोजेक्टचा प्राण आहे.

राख मिसळलेल्या काँक्रीटचंच उदाहरण. प्रत्येक मिश्रणाचे सहा घन करा, बाजू 150 मिमी: तीन सातव्या दिवशी फोडायला, तीन अठ्ठाविसाव्या. 560 किलोन्यूटनला घन फुटला तर 5,60,000 भागिले 22,500, म्हणजे सुमारे 24.9 न्यूटन प्रति चौरस मिमी. राख न घातलेलं मिश्रणही सोबत हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार? राखेचं काँक्रीट सातव्या दिवशी मागे दिसतं आणि पुढे सावकाश ताकद घेतं, म्हणून जमल्यास 56 दिवसांचे घनही ठेवा. इथे मुलं वेळेत अडकतात. फेब्रुवारीत घन ओतले तर आकडे हातात येईपर्यंत सबमिशन दारात असतं. ओतकाम दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच झालं पाहिजे. चार जणांच्या गटात कोणी काय केलं हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

सहाव्या सेमनंतरच्या वाटा

इथवर तिन्ही विषयांची शिदोरी बांधली असेल, तर वाट निवडणं हा आवडीचा आणि घरच्या परिस्थितीचा प्रश्न उरतो.

कॅम्पससाठी सहाव्या सेमच्या सुट्टीत अंकगणित-तर्कक्षमतेचा रोज तासभर सराव पुरतो. सॉफ्टवेअर कंपन्या कोणत्याही शाखेची मुलं घेतात. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. पण सिव्हिल-मेकॅनिकलच्या मुलाने तिकडे जायचं तर प्रोग्रामिंगची एक भाषा खरीखुरी यायला हवी. स्वतःच्या शाखेत नोकरी लागते ती बहुधा ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून. सुरुवातीचा पगार कमी दिसतो, आणि याच कारणाने घरचे नाराज होतात. पहिल्या दोन वर्षांत हाताला काय शिकायला मिळतं ते पाहून ठरवा. शाखेतल्या अनुभवाला पुढे चांगला भाव येतो.

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, म्हणून सहाव्या सेमला एकदा सरावासाठी द्याच. 65 प्रश्न, 100 गुण, तीन तास. त्यातले 15 गुण सामान्य क्षमतेचे. बहुपर्यायी प्रश्नात एका गुणाचं उत्तर चुकलं तर एक तृतीयांश, दोन गुणांचं चुकलं तर दोन तृतीयांश गुण जातात. आकडा टाइप करायच्या आणि एकाहून जास्त उत्तरं बरोबर असलेल्या प्रश्नांना गुण कापत नाहीत. पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर वापरावा लागतो, त्याचा सराव आधी करा. स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर आयआयटी-एनआयटीत एम.टेक. मिळतं, दरमहा 12,400 रुपये विद्यावेतनही मिळतं, आणि एनटीपीसी, कोल इंडियासारख्या सरकारी कंपन्यांनी याच स्कोअरवर भरती केली आहे.

यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा फक्त सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमसाठी आहे. पूर्व परीक्षा 500, मुख्य 600, मुलाखत 200 गुणांची. मुख्य परीक्षेत उदाहरणं लिहून सोडवायची असतात. ती दोन रजिस्टर इथे सोन्यासारखी उपयोगी पडतात. एमपीएससी, एसएससी आणि रेल्वेचे कनिष्ठ अभियंता, वीज कंपन्यांची भरती यांचाही तांत्रिक भाग याच विषयांचा. जाहिरात कधी निघेल ते आपल्या हातात नाही, त्यामुळे फक्त एकाच परीक्षेच्या आशेवर वर्षं काढू नका.

मायनिंगच्या मुलांना खाणीतल्या नोकरीत वरच्या पदावर जायला डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) व्यवस्थापक सक्षमता प्रमाणपत्र लागतं. नोकरी लागल्या दिवसापासून त्याची तयारी सुरू करावी. परदेशी एम.एस. करायचं तर प्रवेशाच्या सव्वा वर्ष आधी तयारीला लागा, आणि जर्मनीसाठी एपीएस या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीच्या प्रमाणपत्राला लागणारा वेळ त्यात धरा.

नोकरी लागली नाही तर

कॅम्पस हुकलेली मुलं फार असतात, आणि जून-जुलैत घरात जो शांतपणा पसरतो तो मुलाला खातो. आईवडिलांनी या दिवसांत रोज विचारणा करू नये, आठवड्यातून एकदा शेजारी बसून हिशेब पाहावा. मुलाने पहिल्याच आठवड्यात राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवावं. पदवीनंतर एक वर्ष विद्यावेतनावर कारखान्यात किंवा सरकारी उपक्रमात काम मिळतं आणि बायोडेटात रिकामी जागा राहत नाही. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, सगळ्या सेमच्या गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट लगेच काढून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि डिग्रीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते तपासा. एका वेलांटीच्या फरकाने कागदपत्र पडताळणीत निवड झालेली मुलं अडकतात.

आठवड्याला दहा अर्ज, प्रत्येक ठिकाणाला साजेसा बायोडेटा करून. सकाळचे तीन तास दुसऱ्या वर्षाच्या त्या दोन रजिस्टरांना द्या: रोज सहा पानं, उत्तर झाकून, आणि लाल पेनाने जिथे कारण लिहिलं होतं ती पानं सगळ्यात आधी.